‘फँड्री’ चित्रपटातील किशोरवयाची घडण : पालक आणि समवयस्क यांच्या संदर्भात

प्रस्तावना

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात श्याम पोहायला जाण्यास घाबरतो, लपून बसतो आणि त्याची आई त्याला शिंपटीने मारून पोहायला धाडते. पुढे तिच्या मनातील कारण कळते ते असे, की आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये. मातृप्रेमाचा आदर्श म्हणून महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या वाचलेल्या या पुस्तकात आईचा हात उठतो तो इतरांच्या चेष्टेच्या धास्तीने, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. पालकांचा धाक आणि समवयस्कांचे दडपण यांचा विचार बालमानसशास्त्राच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांतून होत असला, तरी प्रत्यक्ष मुलाच्या अंगावर ही दोन्ही एकाच वेळी येतात.

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर काढलेला चित्रपट १९५४ मध्ये राष्ट्रपती सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. त्यानंतर दीर्घकाळ मराठी चित्रपटातील मूल हे प्रामुख्याने संस्कारांचे पात्र राहिले. मुलाचे स्वतःचे मन, त्याचे मित्र, त्याची गुपिते आणि त्याची लाज यांना केंद्रस्थान मिळाले ते मुख्यतः गेल्या दोन-अडीच दशकांत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२), सुजय डहाके यांचा ‘शाळा’ (२०१२), रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३), नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) आणि अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१५) ही या परंपरेतील ठळक नावे होत. यांपैकी ‘फँड्री’ हा चित्रपट इतरांच्या पंक्तीत बसवताना एक अडचण येते. पालक आणि समवयस्क या ज्या दोन संकल्पनांच्या आधारे किशोरवयीन मुलाच्या घडणीचा विचार केला जातो, त्या दोन्ही या चित्रपटात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. ही अडचण कोठून निर्माण होते आणि ती काय सांगते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पालकांचे मौन आणि मित्रांचा आडोसा

‘फँड्री’चे वेगळेपण स्पष्ट होण्यासाठी त्याच्या आगेमागे आलेल्या चित्रपटांकडे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. मिलिंद बोकील यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारित ‘शाळा’ हा चित्रपट आणीबाणीच्या काळात नववीत शिकणाऱ्या मुकुंद जोशी या मुलाची कथा सांगतो. त्याचे आईवडील दुष्ट नाहीत, कठोरही नाहीत. परंतु शिरोडकरबद्दल त्याला जे वाटते ते घरात बोलण्याची सोय नाही. ती जागा भरून काढतात नरूमामा आणि सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे मित्र. एखाद्या मुलीविषयी वाटणाऱ्या ओढीला काय म्हणायचे, ती लपवायची कशी आणि मिरवायची कशी, हे सारे मुकुंद या टोळीत शिकतो. टोळीचे दडपण आहेच, पण त्या दडपणाला ऊबही आहे.

‘बालक-पालक’मध्ये तर पालकांचे मौन हाच कथानकाचा आरंभबिंदू आहे. चाळीतील ज्योतीताई अचानक निघून जाते; मुले कारण विचारतात; मोठी माणसे विषय बदलतात. मग मुले विशूच्या मागे जातात आणि निळ्या चित्रफितींतून अर्धवट, विकृत ज्ञान मिळवतात. शेवटी कदमकाका ती कोंडी फोडतात. ‘किल्ला’मधील चिन्मयचे वडील वारले आहेत, आईची बदली कोकणात झाली आहे आणि नव्या गावात त्याला मित्र जोडायचे आहेत. सायकलींची शर्यत लावून मुले किल्ल्यावर जातात आणि भर पावसात त्याला तेथेच सोडून निघून येतात. दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी ज्यांनी लहानपणी मित्रांचा हात धरून ओलांडली आहे, त्यांना त्या प्रसंगातील भीतीचा नेमका पोत ओळखू येईल : काळोखापेक्षा, हाका मारल्यावर ओ येत नाही, हे अधिक भयंकर असते. तरीही चिन्मयला बंड्या पुन्हा मिळतो. रुसवा धरण्याचा आणि तो सोडण्याचा अधिकार त्याला आहे.

या तिन्ही चित्रपटांत एक समान गृहीतक दडलेले आहे. घर आणि मित्र ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. घरात जे मिळत नाही ते मित्रांत मिळते. मित्रांत जखम झाली तर घरी परतता येते. दोहोंमधील ये-जा म्हणजेच किशोरवय. ‘दहावी फ’ हा चित्रपट या गृहीतकाला थोडा धक्का देतो, कारण तेथे शाळेनेच मुलांची तुकड्यांत वाटणी करून ‘फ’ तुकडीच्या कपाळी ‘ढ’ हा शिक्का मारलेला आहे. परंतु तुकडी बदलू शकते, शिक्षक बदलू शकतो. जब्याच्या वाट्याला आलेली वाटणी शाळेने केलेली नाही आणि शाळेला ती मोडताही येत नाही.

जब्याचे घर

जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या हा कैकाडी कुटुंबातील मुलगा. टोपल्या विणणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. इंग्रज राजवटीतील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच ज्या अनेक समाजांनी सोसला त्यांत कैकाडीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आजही शासनदरबारी हा समाज विदर्भाच्या बहुतांश भागात अनुसूचित जातींत, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. जिल्ह्याची सीमा ओलांडली की जातीचा प्रवर्ग बदलतो. गावाच्या लेखी मात्र प्रवर्ग एकच असतो. गावातील डुकरांचा बंदोबस्त करण्याची वेळ आली की पाटील कचरूला बोलावतो.

किशोर कदम यांनी उभा केलेला कचरू हा मराठी चित्रपटातील लक्षणीय पित्यांपैकी एक आहे. (त्याआधी जेमतेम वर्षभर ‘बालक-पालक’मधील समंजस कदमकाका याच नटाने रंगवले होते. एकाच अभिनेत्याने मुलांशी मोकळेपणी बोलू शकणारा आणि मुळीच बोलू न शकणारा, असे दोन वडीलधारे लागोपाठ साकारावेत, हा योगायोग अभ्यासकाच्या दृष्टीने बोलका आहे.) कचरूची मान नेहमी किंचित पुढे झुकलेली असते, आवाज गावात खाली आणि घरात वर असतो. एक मुलगी माहेरी परतलेली आहे, दुसरीचे, सुरेखाचे, लग्न जमत आले आहे आणि हुंड्याची जुळवाजुळव करायची आहे. अशा माणसाला डुकरे पकडण्याचे काम मिळते आणि त्यासाठी घरातील सारे हात लागतात. शाळा बुडते ती या हिशेबात.

येथे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या पुस्तकातील कुटुंबही कैकाडी आहे, आडनावही तेच आहे. मात्र ‘उपरा’मधील बाप जातपंचायतीचा रोष पत्करून मुलाला शाळेत घालतो, तर ‘फँड्री’तील बाप मुलाला शाळेतून ओढून काढतो. वरवर पाहता ही उतरती भाजणी वाटते. परंतु ‘उपरा’च्या बापाला शाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याच्या मनात ती एक आशा होती. कचरूच्या काळात शाळा गावात येऊन कित्येक वर्षे उलटली आहेत, तिच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे रंगवली गेली आहेत, आणि कचरूच्या घराची जागा तिथल्या तिथेच आहे. त्याने शाळेवरचा विश्वास गमावला आहे की मुळात कधी ठेवलाच नव्हता, हे चित्रपट सांगत नाही. तो एवढेच दाखवतो की उद्याच्या पदवीपेक्षा आजचा रोजगार त्याला अधिक खरा वाटतो. अशा पित्याला ‘मुलाच्या शिक्षणाविषयी उदासीन पालक’ या रकान्यात टाकणे सोपे आहे. शिक्षक-पालक सभांतून तसे सर्रास केले जाते. ‘फँड्री’ पाहिल्यानंतर तो रकाना भरताना हात अडखळावा, एवढी ताकद कदम यांच्या अभिनयात आहे.

कचरू मुलाला घडवतो तो आपल्या अनुभवाने. गावात कसे उभे राहावे, कोणासमोर बोलू नये, कोठे हसू नये, हे तो शब्दांनी शिकवत नाही. स्वतःच्या पाठीच्या कण्याने शिकवतो. जब्याचे बंड प्रथम या शिकवणीविरुद्ध आहे. घरातील मोठी माणसे कैकाडी बोलतात आणि जब्याचा ओढा शाळेच्या मराठीकडे आहे. भाषा बदलली की माणूस बदलेल, अशी त्याची भाबडी समजूत असावी.

‘सम’ केवळ वयापुरते

एरिक एरिक्सन यांनी आपल्या विकासविषयक सिद्धान्तात किशोरवयाची मध्यवर्ती समस्या ‘ओळख विरुद्ध भूमिकेचा संभ्रम’ अशी मांडली. या वयात मूल इतरांच्या, विशेषतः समवयस्कांच्या नजरेत स्वतःला शोधत असते, हे त्यांचे निरीक्षण आता सर्वमान्य झाले आहे. परंतु या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे : ती नजर मुलाला काही तरी नवे होऊ देईल. ती त्याला नाकारील, चिडवील, बदलायला लावील. परंतु तो कोण आहे हे तिने आधीच ठरवून ठेवलेले नसेल.

मराठीतील ‘समवयस्क’ हा शब्द या ठिकाणी तपासून पाहण्यासारखा आहे. त्यातील ‘सम’ हा वयापुरताच आहे. जब्याच्या वर्गातील मुले त्याच्या वयाची आहेत, तीच पुस्तके वाचतात, त्याच प्रार्थनेला उभी राहतात. आणि तरीही ती त्याच्या बरोबरीची नाहीत, हे त्यांना व त्याला दोघांनाही ठाऊक आहे. त्यामुळे समवयस्कांचा दबाव या शब्दप्रयोगाने आपल्याला जे अभिप्रेत असते, म्हणजे ‘आमच्यासारखा हो’ हे सांगणे, ते जब्याच्या बाबतीत घडतच नाही. त्याच्यावरील दबाव उलट दिशेचा आहे. ‘आमच्यासारखा होऊ नकोस’ असे त्याला पदोपदी बजावले जाते. ‘शाळा’तील मुकुंदला टोळीत राहण्याची किंमत मोजावी लागते, जब्याला टोळीच्या दारापर्यंत पोहोचण्याचीच परवानगी नाही.

तो मात्र प्रयत्न सोडत नाही. जीन्सची विजार घेता यावी म्हणून आइसकँडी विकतो. नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो, चेहऱ्याला पावडर फासतो. ज्यांना हा भाग केवळ विनोदी वाटला त्यांनी तो पुन्हा पाहावा. आपला चेहराच आपल्या वाटेत आडवा येतो आहे, असे एका शाळकरी मुलाला वाटावे, हे त्या गावातील मुलांच्या नजरेचे काम आहे. आइसकँडीचा व्यवसाय सायकल वाहनाखाली चिरडल्याने बुडतो. जत्रेत नवे कपडे घालून मिरवणुकीत रंगलेल्या जब्याला बाप बत्ती धरायला लावतो, आणि ज्या शालूसमोर त्याला उजेडात यायचे होते तिच्यासमोर तो उजेड वाहणारा ठरतो. प्रत्येक वेळी त्याला मागे ओढणारा हात बापाचा आहे. परंतु त्या हाताला हलवणारी दोरी दुसरीकडे आहे.

या अंधाऱ्या चित्रात पिऱ्या हा एकमेव खरा समवयस्क आहे. तो जब्याला काहीही व्हायला सांगत नाही. रानात त्याच्यासोबत गलोल घेऊन हिंडतो, एवढेच. सूरज पवार या बालकलाकाराने मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटातही काम केले होते. त्याच्या वागण्यातील सहजता इतकी अकृत्रिम आहे की पटकथेने या मैत्रीला अधिक जागा द्यायला हवी होती, असे वाटत राहते. त्याऐवजी चित्रपट चंक्या या तऱ्हेवाईक पात्रावर आणि काळ्या चिमणीच्या प्रतीकावर बराच वेळ खर्च करतो. चिमणी जाळून तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते, या समजुतीमुळे जब्याचा पाठलाग सुरू होतो, हे कथेसाठी आवश्यक आहे. परंतु चंक्याच्या तोंडी दिलेले गूढ वजन चित्रपटाला पेलत नाही. स्वतः दिग्दर्शकाने ती भूमिका केली असल्याने कदाचित तिची कात्री चालली नसावी.

डुकरांचा पाठलाग

चित्रपटाच्या उत्तरार्धातील डुक्कर पकडण्याचा प्रदीर्घ प्रसंग हा सर्व धाग्यांचा संगम आहे. जत्रेच्या मिरवणुकीत डुक्कर घुसून पालखीचा गोंधळ उडतो आणि पाटील कचरूला डुकरे हटवायला सांगतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारालगत सारे कुटुंब दोऱ्या घेऊन धावू लागते. हळूहळू माणसे जमतात. मुले जमतात. हसू पसरते. कोणी मोबाइलवर चित्रण करतो. जमलेल्यांत शालूही आहे आणि तीही हसते आहे.

जब्या लपतो. भिंतीच्या आडोशाला, झुडपाच्या मागे, जेथे मिळेल तेथे. बापाला डुक्कर अडवायला एक माणूस कमी पडतो. मुलाला आपण त्या चित्रात दिसू नये एवढेच हवे आहे. अखेर कचरू त्याला शोधून काढतो आणि सर्वांदेखत मारतो. श्यामच्या आईने उगारलेली शिंपटी येथे आठवते. ती मारते ते मुलाने इतरांच्या हसण्याचा विषय होऊ नये म्हणून. कचरू मारतो तेव्हा हसणारे जमलेलेच आहेत, आणि त्याच्या माराने मुलगा त्या हसण्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो. दोघांनाही मुलगा प्रिय आहे. श्यामच्या आईला एक निवड उपलब्ध होती, की धाडस केल्यास मुलाची लाज टळेल. कचरूला ती उपलब्ध नाही. त्याने मुलाला लपू दिले तर काम बुडते, पाटलाचा रोष होतो, मुलीचे लग्न अडते. बाहेर ओढले तर मुलगा तुटतो. पालकत्वाविषयीच्या आपल्या चर्चेत ‘योग्य निर्णय’ हा शब्द फार सहजतेने वापरला जातो. या प्रसंगात योग्य निर्णय नावाची वस्तू शिल्लकच नाही.

आणि मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, त्याच्या थांबण्याने बापालाही थांबावे लागते, सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते. डुक्कर निसटते. या दृश्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक राष्ट्र व जात यांच्या संबंधावर आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. संपूर्ण चित्रपटात जब्या आणि हसणारी मुले एकाच स्थितीत, एकाच ताठपणे, एकमेकांच्या खऱ्याखुऱ्या ‘सम’ उभी असतात ती एवढ्याच काही क्षणांपुरती. शाळेने जब्याला दिलेली समानता तेवढीच आहे. गीत संपते आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो. डुक्कर सापडल्यावर ते काठीला बांधून डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीवरून नेले जाते. कॅमेरा कोणतेही भाष्य न करता पाहत राहतो. हा संयम चित्रपटाच्या थोर गुणांपैकी एक होय.

सुरेखा आणि शालू

जब्याची लाज प्रेक्षकाला इतकी भिडते की त्याच मैदानात धावणाऱ्या सुरेखाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तीही तरुण मुलगी आहे, तिचेही लग्न जमत आहे, तिलाही त्याच गर्दीसमोर, त्याच मुलांच्या शेऱ्यांतून धावावे लागते. ती लपत नाही. लपण्याची कल्पनाच तिच्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही, कारण शाळा, जीन्स, काळी चिमणी यांपैकी काहीच तिच्या वाट्याला आलेले नाही. मुलाला निदान शरमेपुरते तरी किशोरवय लाभते. मुलीला घरकामापासून थेट हुंड्यापर्यंत नेले जाते. चित्रपट हे दाखवतो, पण त्यावर थांबत नाही. शालूच्या बाबतीत उणीव अधिक ठळक आहे. ती जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर जब्याच्या डोळ्यांतूनच दिसते. शेवटी ती हसते तेव्हा ते हसू क्रूरपणाचे आहे, नकळत आहे, की शेजारच्या मुली हसतात म्हणून आलेले आहे, हे कळायला मार्ग नाही. समवयस्कांच्या दबावाखाली हसणारी मुलगी हा एक स्वतंत्र, मोठा विषय येथे हातातून निसटला आहे. ‘शाळा’तील शिरोडकरला निदान तिचे स्वतःचे मौन मिळाले होते.

शब्द आणि दगड

‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. तो जब्याच्या घरातला शब्द आहे. आईबाप तो वापरतात तेव्हा त्याला शिवीचा वास नाही. टोपली, चूल, दोरी यांसारखाच तो एका वस्तूचा आणि पोटापाण्याचा शब्द आहे. मैदानावरील मुले तोच शब्द उचलतात आणि त्या कुटुंबावर फेकू लागतात. ज्या भाषेपासून जब्या दूर पळत होता, ती त्याच्या समवयस्कांच्या तोंडून त्याचे नाव म्हणून परत येते. घर आणि मित्र ही दोन वेगळी ठिकाणे, हे ज्या गृहीतकावर इतर चित्रपट उभे आहेत, ते या एका शब्दात कोसळते. घराने दिलेला शब्द आणि मित्रांनी दिलेली ओळख येथे एकच झाली आहे, आणि परतायला तिसरी जागा नाही.

जब्याने दगड उचलला आहे तो या क्षणी. चिडवणाऱ्या मुलांवर तो दगडांचा मारा करतो आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. त्या मैदानाच्या कडेला बसून मघापासून पाठलागाची गंमत पाहणाऱ्यांत चित्रपटगृहातील प्रेक्षकही होता. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, प्रेमाचा दिवस म्हणून साजऱ्या होणाऱ्या तारखेला, हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा जाहिरातींवरून एका कोवळ्या प्रेमकथेची अपेक्षा बाळगून आलेला प्रेक्षकवर्ग थोडाथोडका नसावा. पाठलागाच्या सुरुवातीच्या घसरगुंडीला तोही हसला असेल. जब्याच्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या अखेरच्या चौकटीत त्याच्या चेहऱ्यावर चिमटा नाही, पावडर नाही, आणि तो प्रथमच कोणाच्याही नजरेत स्वतःला शोधत नाही.